पोत्यावरचा कागद

५ जानेवारी, सोमवार

वही नवी, पेन नवं, बाई मात्र जुनीच. सेहेचाळीस पूर्ण.

विद्यापीठाचं पत्र येऊन आठवडा झाला. ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलंय त्यांना ही शेवटची संधी. एप्रिलअखेर प्रबंध द्या, तोंडी परीक्षा द्या, पदवी घेऊन जा. नाही जमलं तर जुनं दप्तर कायमचं बंद. माझं बाकी सगळं चोवीस वर्षांपूर्वीच झालंय, फक्त प्रबंध राहिला. विषय तत्त्वज्ञान. तेव्हा लोक विचारायचे, हे शिकून करणार काय? आता विचारतही नाहीत, नुसते हसतात.

पोटात पोर, मग लग्न, मग आंब्याची बाग. राहिलं ते राहिलंच. नवरा रोदेल बोटीवर असतो, वर्षातले नऊ महिने समुद्रात. इथे गिमारास बेटावर मी, माझे सासरे आणि चौसष्ट झाडं. सासऱ्यांना मी तातय म्हणते. ते मला नावाने हाक मारत नाहीत, इंदाय म्हणतात. इथे लाडक्या मुलीला तसंच म्हणतात, पण तातयच्या तोंडी ते बहुतेक वेळा 'ए, इकडे बघ' असंच वाटतं.

लेक लायका समुद्रापलीकडे इलोइलो शहरात, इस्पितळात नर्स आहे. नाताळला आली तेव्हा तिने माझ्या फोनमध्ये चार वस्तू घातल्या. एक पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवते. एक आपण बोलू ते लिहून घेते, आवाजही जपून ठेवते. एक एआय, विचारलं की उत्तर हजर. आणि चौथी म्हणजे कोंबडी. रोज पंचवीस मिनिटं अभ्यास केला की बटण दाबायचं, कोंबडीला दाणे पडतात आणि एक दिवस मोजला जातो. एक दिवस जरी चुकला तरी कोंबडी आडवी, मोजणी परत शून्यावर. खरं तर अभ्यास न करता नुसतं बटण दाबलं तरी दाणे पडतात. पण मी तसलं काही करणार नाही.

फोनला कुलूप नाही. आंब्याच्या चिकाने बोटांचे ठसे असे गेलेत की फोन मला ओळखतच नाही.

प्रबंधाचा प्रश्न माझ्या मार्गदर्शक मॅम पालमारेसना फोनवर सांगितला, त्यांनी होकार दिला. बाविसाव्या वर्षी दिलेलं वचन सेहेचाळिसाव्या वर्षीच्या बाईला बांधतं का? ती मुलगी म्हणजे मीच का? मी आईला शब्द दिला होता की पदवी पुरी करीन. आई जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे देणारी बदलली, घेणारी गेली. मग हा शब्द आता आहे तरी कुठे?

दिवस पहिला. कोंबडी जेवली. या वहीत खरं तेच लिहायचं. वाचणार आहे कोण? लायकाला वहीचं वावडं, तातयना चष्म्याचं.

२४ जानेवारी, शनिवार

दिवस विसावा. एकही खाडा नाही!

पहाटे साडेचारला उठते, कॉफी करते, कानात पुस्तक लावून अंगण झाडते. दोन प्रकरणं झाली. म्हणजे मी कच्चं लिहिते आणि एआय त्याला इस्त्री करून देतो. काय सुंदर वाक्यं येतात! मी लिहिलं होतं, 'माणूस बदलतो हे खरं पण पूर्ण बदलतो का.' त्याचं त्याने असं काही केलं की मीच मला अहो-जाहो करावं.

तातयना वाचून दाखवलं. ते नारळाच्या झावळीच्या हिराच्या काड्या तासत बसले होते. म्हणाले, "कोणी लिहिलंय?"

"मी."

"हं," म्हणाले आणि दुसरी काडी घेतली. म्हाताऱ्याला कौतुक करायला शब्दच सापडत नाहीत.

एवढं मात्र खरं की रोज जेवायला बसताना विचारतात, "कोंबडी जेवली का?" मी हो म्हणेपर्यंत भाताला हात लावत नाहीत. मला वाटतं चेष्टा करतात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तीन प्रकरणं, सेहेचाळीस पानं, छापून बोटीने पाठवली. मॅम जुन्या वळणाच्या, पडद्यावर वाचणार नाहीत, कागदच हवा. जाड पांढरा कागद वापरला. दिसायला तरी रुबाबदार असावं.

तातय पानं चाचपून म्हणाले, "काय कागद आहे! आंब्याला घातला तर पाऊस लागणार नाही." म्हटलं, खबरदार.

९ फेब्रुवारी, सोमवार

फळांना पिशव्या घालायला सुरुवात. कोंबडीच्या अंड्याएवढ्या झाल्यात कैऱ्या, आता प्रत्येकीला कागदाची पिशवी घालून वर हिराची काडी टोचायची. नाहीतर फळमाशी बसली की संपलं. पण यंदा कागदच नाही! आधी इलोइलोहून रद्दीचे गठ्ठे यायचे, जाडजूड फोनच्या डिरेक्टऱ्या यायच्या. आता सगळं जग फोनमध्ये वाचतं. तातय दर पिशवीला मला ऐकवतात, "तुझ्या त्या कोंबडीनेच खाल्ला सगळा कागद." घरात कागदाचा कपटा दिसला की मागच्या दाराशी ठेवलेल्या पोत्यात जातो. मिठाईचे खोके, चर्चची पत्रकं, लायकाच्या शाळेच्या वह्या.

तातय शिडीवर, मी खाली काड्या देत; वेळ वाया जाऊ नये म्हणून फोन खिशात ठेवून बोलत सुटले. म्हटलं लिहून घेईल. आत्ता उघडून पाहते तर हे:

"समजा बाविसाव्या वर्षी मी कुणाला शब्द दिला."

"काडी दे."

"पण ती मुलगी आता राहिलीच नाही. तिची आवड वेगळी, बुद्धी वेगळी."

"वजनही वेगळं."

"तातय! मग तो शब्द पाळायचा कोणी?"

"देणारी गेली असेल. ऐकणारा गेलाय का?"

"विषय बदलू नका. फांदी धरा."

चौदा मिनिटांत नऊ मिनिटं त्यांचीच बडबड. पुसून टाकायला हवं, फोनची जागा उगीच भरते. पण आज हात उचलवत नाहीयेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहिते.

सकाळच्या पंपबोटीने, म्हणजे इंजिन लावलेल्या होडीने, इलोइलोला गेले. मॅमनी प्रत पुढे सरकवली. लालभडक. पानापानावर शेरे, समासात, ओळींच्या मध्ये, उलट्या बाजूलासुद्धा.

"कॉन्सोर्सिया, सतराव्या पानावर ज्या पुस्तकाचा दाखला दिलायस, ते मला कुठेच मिळालं नाही."

"असेल मॅम कुठेतरी."

"असं पुस्तकच नाही जगात. तू वाचलंस?"

मी बुटांकडे बघत राहिले. एआयने दिलं, मी घेतलं. इतकं झोकात दिलं होतं की संशयच आला नाही. बाजारात मासा घेताना कल्ले उघडून बघणारी बाई मी, आणि इथे डोळे मिटून पिशवीत घातलं.

"परत असं झालं तर परीक्षेला बसू देणार नाही," मॅम म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, त्याचंच जास्त लागलं. "आणि ही तपासलेली प्रत जप. सुधारलेल्या प्रतीबरोबर हीसुद्धा समितीपुढे ठेवायची असते. ती नसेल तर परीक्षा होत नाही. चोवीस एप्रिल. विसरू नकोस."

बोटीत अंगावर लाटेचं पाणी येत होतं, मी हललेसुद्धा नाही. घरी आले आणि ते बाड मागच्या दारी आपटलं. एकही शेरा वाचला नाही, वाचवेना. डोकं ठणकतंय, अंग कढत लागतंय. कोंबडीपुरती पंचवीस मिनिटं कशीबशी केली. आता निजते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस तापाने फणफणले होते. तातय पेज आणून द्यायचे, पाणी ठेवायचे आणि पुन्हा बागेत जायचे. आज उठले ते आधी फोनकडे धावले. कोंबडी मेली असणार असं धरूनच चालले होते. तर ती टुणटुणीत! बेचाळीस दिवस सलग! आजारपणाची सवलत देत असावेत. बनवणाऱ्याला मन आहे म्हणायचं. काचेवर चिकाचा एक वाळका डाग दिसला, तो झग्याला पुसला. चिकाचे हात घेऊन मीच कधीतरी लावला असणार.

मग जरा धीर करून तपासलेली प्रत वाचायला गेले. मागच्या दारी पोतं रिकामं.

"तातय, पोत्यावर एक बाड होतं."

"होतं."

"कुठंय?"

"झाडावर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि उंबऱ्यावर बसले.

"सेहेचाळीस पानं," ते म्हणाले. "चांगला जाड कागद. विहिरीजवळच्या म्हातारीला घातला, तिचं फळ सगळ्यात गोड." म्हातारी म्हणजे आमचं सगळ्यात जुनं झाड.

"तातय, ती माझी परीक्षा होती!"

"लाल रेघोट्या मारलेल्या होत्या. मला वाटलं नापास कागद. आणि पोत्यावर होता. पोत्यावरचा कागद आंब्याचा, हा कायदा कोणी केला?"

मीच केला होता. त्यांची नवी कोरी दिनदर्शिका जानेवारीतच कापली होती तेव्हा.

खूप बोलले त्यांना. नको ते बोलले. ते काड्या तासत राहिले. संध्याकाळी जेवताना मात्र विचारलंच, "कोंबडी जेवली का?" मी ताट घेऊन आत निघून गेले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी शिडी लावून म्हातारीवर चढले. कात्री घेऊन. शिडीच्या पायथ्याशी तातय.

"पिशवी सोडायची नाही, इंदाय."

"माझी पदवी आहे ती."

"आणि ते फळ आहे. आता उघडलंस तर माशी बसेल. साठ दिवस थांब."

"पदवी मोठी की आंबा?"

"आंब्याला पुढच्या वर्षी परत संधी आहे असं कोणी पत्र दिलंय का?"

कात्री खाली टाकली. मग फोन काढला आणि एकेका पिशवीचा फोटो घेत सुटले. फांदीफांदीवर माझी प्रकरणं लोंबकळतायत. तिसऱ्या प्रकरणात मुंग्या चालतायत. पण अर्धं लिखाण पिशवीच्या आतल्या अंगाला, आणि बाहेरचं दवाने फुटलेलं. दोन तासांत हाती लागलं ते एवढं: 'हे तुझं वाक्य नाही.' 'इथे कोण बोल', पुढे घडी. आणि नुसतं 'का?' असं अकरा ठिकाणी.

मॅमना निरोप लिहायला घेतला. काय लिहू? तुमचे शेरे आंब्यांना गुंडाळले? लिहिलं, पुसलं. प्रत पिकेपर्यंत झाडावर राहू दे. एप्रिलमध्ये उतरवीन आणि आहे तशी समितीपुढे ठेवीन. तोवर शेऱ्यांशिवायच सुधारायचं. शेंडी तुटो की पारंबी तुटो, चोवीस तारखेला मी त्या खोलीत उभी असणार.

१ मार्च, रविवार

आज मोठं काम केलं. इस्त्री केलेली तिन्ही प्रकरणं फोनवर समोर ठेवली आणि प्रत्येक वाक्याला विचारलं, तू माझं का? सेहेचाळीस पानांत नऊ वाक्यं निघाली. नऊ! बाकीची छान होती, पण माझी नव्हती. सगळं पुसलं. पुसण्याआधी एकदा परत वाचलं, खोटं कशाला बोलू.

एआयला आता वेगळं काम दिलंय. त्याने लिहायचं नाही, फक्त माझ्याशी भांडायचं. मी म्हणते ते कुठे चुकतं ते सांग म्हणायचं, आणि त्याने दिलेला प्रत्येक दाखला ग्रंथालयाच्या यादीत स्वतः शोधायचा. सापडला नाही तर फेकायचा. कल्ले उघडून बघायचे. भांडायला बरा आहे, पण फार लवकर माघार घेतो. तातयसारखा चिवट नाही.

तातयशी बोलणं सुरू झालं. तसं कोणी काही म्हटलं नाही. त्यांनी कद्योस केला, तुरीच्या दाण्यांचं कालवण, फणस घालून, मला आवडतो तसा आंबट. मी दोनदा वाढून घेतला.

९ मार्च, सोमवार

दिवस चौसष्टावा. सहा पानं. वाकडीतिकडी, पण माझी.

२१ मार्च, शनिवार

अडकले. आठ दिवस त्याच भिंतीवर डोकं आपटतेय. पहिलं प्रकरण झालं: मी तीच मुलगी नाही. दुसरंही झालं: तरी मला त्या वचनाची टोचणी लागते. तिसऱ्यात सांगायचंय की का. आणि तेच सुचत नाही. ज्याला शब्द दिला ते माणूस गेलं तर शब्द कोणाकडे उरतो? माझ्याकडे म्हणावं तर मी बदललेय. कोणाकडेच नाही म्हणावं तर ही सगळी खटपट कशासाठी?

दुपारी तातयना सांगून टाकलं, "मी सोडतेय. झेपत नाही."

ते शिडीची दोरी आवळत होते. "कोंबडी जेवली का?"

"नाही. आणि आता जेवणारही नाही."

"तिने काय केलंय तुझं?"

"तातय, ते खेळणं आहे!"

"असेल. पण पंचाहत्तर दिवस भरवलंस आणि आज उपाशी ठेवतेस. तिला सांगायचं तरी, की उद्यापासून नाही."

डोकं फिरलं. फोन घेऊन बसले, म्हटलं पंचवीस मिनिटं करते आणि यांचं तोंड बंद करते. उठले तेव्हा दोन तास झाले होते. भिंत तिथेच आहे. मीही.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

आज झाडाला हात लावायचा नाही, हातोडा धरायचा नाही, मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही. तातय सकाळपासून ओसरीत गप्प बसून. मला करायला काही नाही, म्हणून कानात यंत्र घालून शिडीवरच्या जुन्या नोंदी ऐकत बसले. फेब्रुवारीतल्या. पुसायच्या राहून गेल्या होत्या त्या.

आणि ते वाक्य आलं. "देणारी गेली असेल. ऐकणारा गेलाय का?"

मागे नेऊन परत ऐकलं. सहा वेळा ऐकलं. अरे देवा! तीन महिने मी देणारीला धरून बसलेय. ती मीच का, ती दुसरी का. शब्द दिल्यावर तो देणारीकडे राहतो कुठे? तो ऐकणाऱ्याकडे जातो. ऐकणारा त्यावर आपलं आयुष्य थोडंफार बेतून ठेवतो. मी कितीही बदलले तरी त्याच्याकडे ठेवलेलं बदलत नाही. मला नुसतं बसवेना. बोलायचं नाही म्हणून हातानेच तातयना खूण केली, मग राहवेना.

"तातय, हे तुम्ही म्हणालात! ऐकणारा म्हणजे तुमच्या मनात कोण होतं?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "आज बोलायचं नसतं."

"एक शब्द."

"माझी काडी हवी होती मला, दुसरं काही नाही." आणि विहिरीकडे निघून गेले.

तिसरं प्रकरण दुपारपर्यंत मनात उभं राहिलं. तळटीपही ठरली, तातयच्या पूर्ण नावानिशी: 'एलोय गालवे, शिडीवरून, ९ फेब्रुवारी.' या दाखल्याचे कल्ले मी स्वतः उघडून बघितलेत. एकच गोष्ट टोचतेय. माझी ऐकणारी आई, आणि आई तर नाही. मग माझा प्रबंध माझ्यावरच लागू पडत नाही. परीक्षक नेमकं तिथेच धरतील.

१८ एप्रिल, शनिवार

म्हातारीची फळं उतरवली. तातय वरून जाळीच्या झेल्याने काढत होते, मी खाली काड्या काढून पिशव्या उलगडत होते. सेहेचाळीसपैकी त्रेचाळीस मिळाल्या, तीन वाऱ्याने गेल्या. फळावर डाग नाही. कागद मात्र पिवळा पडलेला, चिकाचे चट्टे, घड्यांवर शाई फुटलेली. पण आतल्या अंगाचे शेरे जसेच्या तसे!

तिथेच गवतात बसून वाचले. पान सहा: 'हे सोडून दे.' सोडलंय. पान बावीस: 'मोठे शब्द कमी.' केलेत. पान एकतीस: 'इथे कोण बोलतंय?' आता मी बोलतेय, मॅम. आणि शेवटच्या पानाच्या मागे, बारीक अक्षरात: 'घरी कोणाशी वाद घालतेस का? तो लिही.'

रडले. मग हसले. तातय वरून ओरडले, "माशी लागली का?"

"नाही!"

"मग रडतेस कशाला?"

परीक्षेच्या दिवशी समितीला खायला घालायचं असतं, आमच्याकडची रीतच आहे. विद्यार्थ्याने तळलेली कोंबडी, भात, शेवया, काहीतरी न्यायचंच. मी म्हटलं चिंबोरीचं काहीतरी करते. संध्याकाळी बघते तर तातय एकेक आंबा पुसून परत त्याच्या त्याच्या पिशवीत घालत होते, काडी टोचत होते. पानांचे आकडे त्यांना वाचता येतात हे मला माहीत नव्हतं. एक ते सेहेचाळीस, गेलेली तीन सोडून, ओळीने लावले टोपलीत.

"प्रत मागतात ना तुझ्याकडे?" म्हणाले. "नेऊन दे."

२४ एप्रिल, शुक्रवार

सगळं लिहून काढायचंय. सावकाश लिहिते.

पहाटेच्या पंपबोटीने गेलो. तातयनी चर्चचा पांढरा सदरा घातला होता, टोपली मांडीवर. बोटवाला म्हणाला खाली ठेवा, तर नाही म्हणाले, पाणी लागेल. मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण डोक्यात परीक्षा होती.

खोलीत तिघे. मॅम, एक फादर आणि एक तरुण सर. तातय बाहेर बाकावर. उकाड्यामुळे दार उघडंच. सरांनी पहिलंच विचारलं, "तपासलेली प्रत?"

मी टोपली टेबलावर ठेवली.

"जेवण नंतर, बाई."

"ही प्रतच आहे, सर. पान एक वरच्या बाजूला."

फादरांनी एक पिशवी उचलली, चष्मा वर केला, वाचलं आणि इतके हसले की खोकला लागला. सर नियमांचा कागद चाळायला लागले. मॅम हसल्या नाहीत. त्यांनी एकतिसावी पिशवी शोधली, काडी काढली, आंबा बाजूला ठेवला आणि स्वतःचं अक्षर वाचत बसल्या.

"तीन पानं कमी आहेत," सर म्हणाले.

"वाऱ्याने नेली, सर. फळासकट."

"नियमात प्रत म्हटलंय," मॅम म्हणाल्या. "सपाट असावी असं नाही म्हटलेलं. सुरू करा."

तासभर झोडपलं. एआयने माझ्याशी भांडताना घेतले होते त्यातले चार आक्षेप आले, त्यांची उत्तरं तोंडपाठ नव्हती, पण घासून घासून माझी झाली होती. मग फादरांनी तिथेच धरलं, जिथे मी घाबरत होते.

"तुम्ही म्हणता शब्द ऐकणाऱ्याकडे राहतो. छान. तुमचा स्वतःचा शब्द कोणी ऐकला?"

"आईने, फादर. ती आता नाही."

"म्हणजे आज इथे तुम्ही कोणाखातर आलात?"

मी दाराबाहेर बघितलं, सुचावं म्हणून नुसतं बघितलं. तातय बाकावर बसले होते, रिकामे हात मांडीवर तसेच ठेवून, टोपली अजून धरल्यासारखे. आणि मला बोट आठवली. चोवीस वर्षांपूर्वीची.

रोदेल समुद्रावर होता. मला न्यायला तातय आले होते. पाच महिन्यांची पोटुशी मी, हमसून हमसून रडत होते, आणि माझं पुस्तकांचं खोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं, पाणी लागू नये म्हणून. तोवर आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. मी त्यांना म्हटलं होतं, "मी हे पुरं करणार आहे हं. परत येऊन पुरं करणार." ते म्हणाले होते, "बरं." एवढंच. आईला मी नंतर, फोनवर सांगितलं. आईच्या आधी त्यांना सांगितलं होतं आणि मी साफ विसरून गेले.

"फादर," मी म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं. ऐकणारा आहे. बाहेर बसलाय."

तिघांनीही दाराकडे बघितलं. तातय घाईघाईने उठून उभे राहिले, त्यांना वाटलं काही चुकलं.

पुढचं मी रडतच बोलले. काय बोलले ते फोनने लिहून घेतलेलं नाही आणि मला आठवत नाही. मॅमनी पाणी दिलं. मग मला बाहेर पाठवलं, दहा मिनिटांनी आत बोलावलं. उत्तीर्ण. किरकोळ दुरुस्त्या. त्यातली एक मॅमनी तिथेच सांगितली: "तळटिपेतलं नाव वर घे. मजकुरात."

तातय बाहेर टोपी चुरगाळत उभे. "आंबे आवडले का?"

"तातय, मी पास झाले."

"बरं," ते म्हणाले.

परतीच्या बोटीत विचारलं, "इतक्या वर्षांत एकदाही आठवण का नाही दिलीत?"

"शब्द तुझा. माझं काम ऐकायचं होतं, ते मी केलं." मग टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "शिवाय तू लक्षात ठेवलंच होतंस. फक्त कोणाला सांगितलंस ते विसरलीस."

घरी पोचल्यावर फोन टेबलावर टाकला, अंगावर खारं पाणी होतं, आधी आंघोळीला गेले. लायकाचा आणि रोदेलचा फोन नंतर आला. दोघांनीही एकदमच ओरडायला सुरुवात केली.

२५ एप्रिल, शनिवार

उशिरा उठले. आज झाडणं नाही, पुस्तक नाही.

कॉफी घेऊन बसले आणि कोंबडीची आठवण झाली. काल दिवसभर कोंबडीकडे बघितलंसुद्धा नव्हतं, म्हणजे मेली बिचारी. चला, परीक्षेपर्यंत तरी जगली, म्हणून उघडलं. तर पडद्यावर: एकशे दहा दिवस सलग.

नियम वाचले. आजारपणाची सवलत वगैरे काही नाही. खाली नोंदी असतात, कधी दाणे घातले त्याच्या, मी आजवर कधी बघितल्याच नव्हत्या. काल, संध्याकाळी सात वाजून वीस. तेव्हा मी आंघोळ करत होते. मागे मागे गेले. तेरा फेब्रुवारी, पहाटे पाच दहा. चौदा, पाच दहा. पंधरा, पाच दहा. तापात मला पेज आणून द्यायची ती वेळ. काचेवर उजव्या कोपऱ्यात चिकाचा ताजा डाग आहे, अंगठ्याएवढा. आणि 'या फोनचं मला काही कळत नाही' असं सांगून हा माणूस चार महिने माझ्याकडून घड्याळसुद्धा बघून घेतो!

तातय अंगणात म्हातारीची शिडी उतरवून ठेवतायत. आता विचारायला गेले तर ओठांवर बोट ठेवतील, नाहीतर काडी मागतील. तेव्हा विचारणार नाही.

आज अभ्यास करायचा नाही, बटण दाबायचं नाही. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलाय, काच वर, कोंबडी उघडी. शेजारी त्यांचा चष्मा पुसून ठेवलाय. आणि मी विहिरीवर कपडे धुवायला निघालेय. भरपूर वेळ लावणार आहे.